आरबीसी म्हणजे रक्तातली तांबडी पेशी मधे खोलगट का असते? पोरीच्या प्रश्नानं डोकं खाल्लंय

दिवाणजी_सांगली:
मंडळी नमस्कार. मी मार्केट यार्डात अडत दुकानात हिशेबाला असतो, सायन्सचा आणि माझा संबंध बारावीलाच सुटला. पोरगी अकरावीला आहे, नीटची तयारी चाललीय. काल जेवताना तिनं विचारलं की पप्पा, तांबडी पेशी दोन्हीकडून मधे खोलगट असते, पुस्तकात लिहिलंय त्यामुळं पृष्ठफळ वाढतं आणि ऑक्सिजन जास्त घेता येतो, क्लासच्या सरांनी पण तेच दिलंय, पण पृष्ठफळच पाहिजे होतं तर पेशी एकदम सपाट का नाही, नाहीतर एका मोठ्या पेशीच्या जागी चार बारक्या का नाहीत? मी म्हटलं बाई परीक्षेत जे लिहून दिलंय ते लिही आणि मार्क घे. त्यावर जे तोंड केलं तिनं ते बघून इथं आलो. डॉक्टर, लॅबवाले बरेच आहेत इथं, कुणीतरी मलाही कळेल असं सांगा.

अजिंक्यतारा:
सोपं आहे की ओ. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं. ते निघून गेलं, मधली जागा रिकामी झाली, पेशी तिथं बसली. विषय संपला.

मधुमालती_बाई:
विषय एवढ्यात कसा संपेल? मी साताऱ्यात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. आधी पुस्तकाची बाजू सांगते, कारण पुस्तक खोटं बोलत नाही, फक्त अर्ध्यावर थांबतं. माणसाची तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाची, कडेला दोन-अडीच मायक्रॉन जाड आणि मधे जेमतेम एक. आतलं आकारमान ९० घन मायक्रॉनच्या आसपास आणि बाहेरचं आवरण १४० चौरस मायक्रॉनच्या आसपास. आता तेवढाच ऐवज तुम्ही गोल गोळीत भरला तर आवरण लागतं फक्त ९७. म्हणजे या आकारामुळं साधारण चाळीस टक्के आवरण जास्तीचं मिळतं. शिवाय पेशी पातळ असल्यामुळं आतला कुठलाही हिमोग्लोबिनचा रेणू पृष्ठभागापासून फार तर एक-सव्वा मायक्रॉनवर राहतो, गोळी असती तर मधल्या रेणूपर्यंत पोचायला पावणेतीन मायक्रॉन जावं लागलं असतं. वायूंना अंतर वाढलं की वेळ फार वाढतो, दुप्पट अंतराला चौपट. त्यामुळं मुलीला सांगा, पृष्ठफळाचं उत्तर लिहायला हरकत नाही, मार्क मिळतील.

दिवाणजी_सांगली:
बाई धन्यवाद. आकडे दिलेत म्हणून मला राहवेना, कॅल्क्युलेटर घेऊनच बसलो. नेटवर बघितलं तर रक्ताच्या एका घन मिलिमीटरात पन्नास लाख पेशी धरतात, आणि अंगात पाच लिटर रक्त. म्हणजे २५ लाख कोटी पेशी झाल्या. प्रत्येकीचं आवरण १४० धरलं तर सगळ्यांचं मिळून साडेतीन हजार चौरस मीटर, म्हणजे ३४-३५ गुंठे! आणि त्याच पेशी गोळीसारख्या असत्या तर २४ गुंठे. निव्वळ आकारामुळं दहा गुंठे रान वाढलं की राव.

अजिंक्यतारा:
😂😂 सातबारा काढा आता त्याचा

लॅबवाला_मिरज:
दिवाणजींचा हिशेब बरोबर आहे. पण पोरीची शंका त्याहून बरोबर आहे आणि तिचं उत्तर पृष्ठफळात नाहीये, म्हणून जरा लांबण लावतो, मिरजेत लॅबमधे दिवसभर रक्ताच्या स्लाइडा बघणं हेच माझं काम आहे.

पेशीला अंगभर कुठून जावं लागतं ते बघा. सगळ्यात बारक्या केशवाहिन्या पाच-सहा मायक्रॉनच्या असतात, काही त्याहून अरुंद. पेशी सात-आठची. म्हणजे ती तिथून सरळ जाऊच शकत नाही, वाकून, घडी पडून, लांबट होऊन निघते. आणि हे तरी बरं, प्लीहेत म्हणजे पाणथरीत ज्या फटी असतात त्या एका मायक्रॉनच्या आतबाहेर रुंद असतात, तिथून पेशीला अक्षरशः पिळून निघावं लागतं. आयुष्यभर हे पुन्हा पुन्हा.

आता मुद्दा असा की पेशीचं आवरण वाकतं भरपूर पण ताणलं जात नाही. त्याचं क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांहून जास्त ताणलं की फाटतं. मग न ताणता आकार कसा बदलायचा? दिवाणजी, तुमच्याच यार्डातलं घ्या. हळदीचं पोतं तोंडापर्यंत गच्च ठासून शिवलेलं असेल तर ते अरुंद दारातून आडवं घालता येत नाही, दाबा, लाथ मारा, शिवण उसवेल पण वाकणार नाही. तेच पोतं पाऊण भरलेलं असलं की हमाल ते कसंही दुमडून काढतो, पोत्याचं कापड तेवढंच, माल कमी. तांबडी पेशी हे पाऊण भरलेलं पोतं आहे. बाईंनी सांगितलेलं ते चाळीस टक्के जास्तीचं आवरण म्हणजे ती ढिलाई. मधला खोलगटपणा हा त्या ढिलाईचा नुसता दिसणारा परिणाम आहे, पेशी निवांत असताना जास्तीचं कापड कुठंतरी जाणारच की. आवरणाच्या आतल्या अंगाला स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, ती पेशी वाकल्यावर तिला परत मूळ आकारात आणते.

म्हणजे पोरीला सांगा, एकदम सपाट का नाही? तर आत हिमोग्लोबिन पण भरायचंय, एका पेशीत त्याचे २५-२७ कोटी रेणू असतात, आणि प्रत्येक रेणू चार ऑक्सिजन धरतो. अगदी सपाट केली तर एवढा माल मावायचा कुठं?

डॉ_विटा:
लॅबवाल्यांशी सहमत आणि एक भर. पृष्ठफळ हेच मुख्य कारण असतं तर फुप्फुसात ऑक्सिजन घ्यायला पेशीला वेळ पुरत नाही असं दिसायला हवं होतं. प्रत्यक्षात आपण बसलेलो असताना पेशी फुप्फुसाच्या केशवाहिनीत पाऊण सेकंद असते आणि पाव सेकंदातच तिचा ऑक्सिजन भरून होतो. उरलेला अर्धा सेकंद ती रिकामटेकडी. म्हणजे घाई नाहीच तिथं. पळताना वेळ कमी होतो तेव्हा हा शिल्लक वेळ कामी येतो हे खरं. पण नळीतून जाताच आलं नाही तर पृष्ठफळ घेऊन काय करायचंय.

याचा पुरावा पेशंटमधे दिसतो. काही घराण्यांत स्पेक्ट्रिनच्या जाळीत किंवा तिला आवरणाशी बांधणाऱ्या प्रथिनात जन्मजात दोष असतो. मग पेशी आवरणाचे तुकडे गमावत जाते, ढिलाई संपते, पेशी गोल होते. स्फेरोसायटोसिस म्हणतात. गंमत बघा, हिमोग्लोबिन चांगलं, ऑक्सिजन धरतंय, सोडतंय, सगळं व्यवस्थित. तरी माणूस पांढरा पडतो आणि डोळे पिवळे, कारण या गोल पेशी पाणथरीच्या फटीतून निघत नाहीत आणि तिथंच अडकून खाल्ल्या जातात. जास्त त्रास असलेल्यांची पाणथरी काढली की रक्त टिकायला लागतं, पेशी मात्र गोलच राहतात.

लॅबवाला_मिरज:
हो, आणि ते स्लाइडमधे लगेच कळतं. चांगल्या पेशीच्या मधला एक तृतीयांश भाग फिकट दिसतो, तीच ती खोली. गोल पेशीत फिकट भाग नाहीच, सगळी गच्च लाल. आणि लोह कमी असलं की उलटं, पेशी बारीक आणि मधला फिकट भाग पसरलेला, नुसती कडेला लाल रेघ. रिपोर्टवर एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ८० च्या खाली गेलेला दिसतो तो हाच प्रकार बहुतेक वेळा. आपल्याकडं बायकांच्या स्लाइडा बघून वाईट वाटतं ओ, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या होत्या, आणि घरात विचारलं तर सगळे म्हणतात तिला काय झालंय, चालतीफिरती आहे.

मधुमालती_बाई:
अजिंक्यतारा यांच्या मुद्द्याकडं येते. केंद्रक गेलं म्हणून मधे खड्डा पडला ही समजूत वर्गात कायम असायची. पण क्रम तसा नाही. अस्थिमज्जेत पेशी तयार होताना शेवटी शेवटी केंद्रक बाहेर टाकते, शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. त्यानंतरची कोवळी पेशी, तिला रेटिक्युलोसाइट म्हणतात, ती वेडीवाकडी, गाठीगाठींची असते, खोलगट नसते. पुढच्या एक-दोन दिवसांत ती उरलंसुरलं सामान आणि थोडं आवरण टाकते आणि मग तिला तो आकार येतो. आणि उंटाच्या तांबड्या पेशीलाही केंद्रक नसतं, तरी ती लंबगोल चपटी असते, खड्डा नाही. तुमच्या हिशेबानं तिथंही पडायला हवा होता.

केंद्रक टाकण्याचा फायदा आहेच. एक तर जागा मोकळी होते. दुसरं, पेशीतला सगळ्यात कडक भाग तोच, तो असता तर लॅबवाले म्हणतात त्या फटीतून जाताना अडला असता. केंद्रकानंतर तंतुकणिकासुद्धा जातात, मायटोकॉन्ड्रिया हो, ऑक्सिजन वापरून ऊर्जा करणारे पेशीतले भाग. त्यामुळं ही पेशी स्वतः ऑक्सिजन वापरतच नाही, ग्लुकोजचं विघटन बिनाऑक्सिजनचं करून भागवते. जो माल पोचवायचा त्याला हात लावत नाही, असा कामगार मिळणं कठीण.

सरळसोट:
हे सगळं वाचून एकच म्हणावंसं वाटतं, त्या वरच्या इंजिनियरची कमाल आहे. एवढं परफेक्ट डिझाइन आपोआप होणं शक्य नाही.

माणदेशी_व्हेट:
परफेक्ट? या जरा आमच्याकडं म्हसवडला, कोंबड्या आणि शेरडं दाखवतो 😀

मी जनावरांचा डॉक्टर. कोंबडीच्या तांबड्या पेशीला केंद्रक असतं. लंबगोल पेशी, मधे चांगलं ठसठशीत केंद्रक, नवीन पोरं इंटर्नशिपला येतात ती पहिल्यांदा स्लाइड बघून गोंधळतात. सगळ्या पक्ष्यांचं तसंच, बेडूक, साप, मासे यांचंही तसंच. केंद्रक टाकायची पद्धत आपल्या सस्तन मंडळींची. आता कुणी म्हणेल पक्ष्यांचं रक्त कमी दर्जाचं, तर पट्टकदंब नावाचे हंस हिमालय ओलांडून येतात, हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या तलावांवर उतरतात, त्यांच्याही पेशीत केंद्रक आहेच. त्यांनी काम दुसऱ्या बाजूनं भागवलंय, हिमोग्लोबिन विरळ हवेतही ऑक्सिजन घट्ट पकडणारं आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहणारी. तेव्हा केंद्रक नसणं हाच एक रस्ता असं काही नाही.

आणि दिवाणजींच्या पोरीला शाबासकी द्या, तिचा दुसरा प्रश्न लई भारी आहे. एका मोठीच्या जागी चार बारक्या का नाहीत? शेळीनं तेच केलंय. शेळीची तांबडी पेशी तीन-चार मायक्रॉनची, पाळीव जनावरांत सगळ्यात बारकी. आकारमान वीस घन मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या एका पेशीत शेळीच्या चार सहज बसतात. आणि संख्या किती, तर एका घन मिलिमीटरात ८० लाख ते पावणेदोन कोटीपर्यंत. एवढ्या बारक्या पेशीला पृष्ठफळ आपोआप भरपूर मिळतं, नळीत अडायचा प्रश्न कमी, म्हणून तिच्यात खोलगटपणा जवळजवळ दिसतच नाही. स्लाइडवर मधे फिकट नाही म्हणून माणसाच्या लॅबवाल्यानं बघितलं तर स्फेरोसायटोसिस लिहून मोकळा होईल.

लॅबवाला_मिरज:
ओ डॉक्टर, शेळीचं सॅम्पल आमच्याकडं पाठवू नका म्हणजे झालं. मशिन माणसाच्या पेशीला सेट असतंय, बारक्या पेशी प्लेटलेट समजून मोजेल.

माणदेशी_व्हेट:
झालंय तसं एका ठिकाणी, नाव घेत नाही. बोकडाच्या प्लेटलेट वीस लाख आलेल्या.

दिवाणजी_सांगली:
पोरीला सगळं वाचून दाखवलं. शेळीवर लई खूश आहे. तिचा पुढचा प्रश्न, हिमोग्लोबिन पेशीत भरायचीच काय गरज, सरळ रक्ताच्या पाण्यात सोडलं असतं तर? नळ्या, फटी, आकार, काही भानगडच नको.

डॉ_विटा:
पोरीला डॉक्टरच करा. गांडुळात तसंच असतं, हिमोग्लोबिन मोकळं रक्तात. पण त्याचे रेणू अवाढव्य असतात, गळून जात नाहीत. आपलं हिमोग्लोबिन पेशीबाहेर पडलं की त्याचे दोन अर्धे होतात आणि ते मूत्रपिंडातून गाळून लघवीत जातात, लघवी काळपट लाल होते. शिवाय आपल्याला लागतं तेवढं हिमोग्लोबिन प्लाझ्मात म्हणजे रक्ताच्या पाण्यात मोकळं सोडलं तर प्रथिनांचं प्रमाण वाढून पाण्याची ओढ वाढेल, रक्तवाहिन्या आखडतील, लई घोळ. पेशीच्या आत ते १०० मिलीला ३३ ग्रॅम एवढं दाट भरलेलं असतं. आणि पेशीत नुसतं हिमोग्लोबिन नसतं, कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करणारं एन्झाइम पण तिथंच असतं. परत जाणारा कार्बन डायऑक्साइड बहुतांश त्याच रूपात जातो.

दाटपणाची किंमत पण आहे बरं. सिकलसेल या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलिन बसतं, एवढाच फरक. पण एवढं दाट भरलेलं असल्यामुळं ऑक्सिजन सोडल्यावर ते रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या बनवतात, पेशी कडक कोयत्यासारखी वाकडी होते आणि नळ्या तुंबतात. १२० दिवस टिकायची ती दहा-वीस दिवसांत जाते. आपल्या भागापेक्षा नंदुरबार, गडचिरोलीकडं जास्त. म्हणजे परत तोच मुद्दा, पेशी लवचिक राहिली पाहिजे.

घाटातला_धावक:
मी यवतेश्वर घाटात पळतो. माझा अवांतर प्रश्न, महाबळेश्वरला महिनाभर राहून प्रॅक्टिस केली तर आरबीसी वाढतात का? आमच्या ग्रुपमधे एकजण छातीठोक सांगतो.

डॉ_विटा:
महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. ठळक फरक पडायला दोन-अडीच हजार मीटरच्या वर जावं लागतं आणि तिथं आठवडेच्या आठवडे राहावं लागतं. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि अस्थिमज्जा पेशी वाढवते. ऑक्सिजन कमी झालाय हे पेशींना कळतं कसं, या कामाला २०१९ चं नोबेल मिळालं. महाबळेश्वरला थंड हवा आणि चढ मिळेल, त्याचा फायदा घ्या. स्ट्रॉबेरी खा.

लॅबवाला_मिरज:
आणि लांब पळणाऱ्यांच्या तळपायात आपटून आपटून थोड्या पेशी फुटतात हे पण खरंय. पळणाऱ्यांनी अधूनमधून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघावं.

ऊसवाले_काका:
सगळं वाचलं, निम्मं कळलं. माझं वेगळंच आहे. मला साखर आहे. महिन्यापूर्वी ऑपरेशन झालं, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. परवा तीन महिन्यांची साखर केली तर ८.२ ची एकदम ६.१ आली. पोरं म्हणतात बाबा गोळ्या कमी करायला सांगा डॉक्टरांना. आंब्याचा रस पण सुरू केलाय थोडा.

लॅबवाला_मिरज:
काका रस थांबवा!! तुमचा प्रश्न वेगळा नाही, याच धाग्यातला आहे. बाई म्हणाल्या तसं या पेशीला केंद्रक नाही, म्हणजे नवीन प्रथिनं करता येत नाहीत, झीज भरून काढता येत नाही. म्हणून ती साधारण १२० दिवस चालते आणि संपते. तेवढ्या दिवसांत रक्तातली साखर हळूहळू तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते आणि चिकटलेली निघत नाही. एचबीए१सी म्हणजे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय तो आकडा, म्हणून तो दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. आता तुमच्या अंगात दोन पिशव्या दुसऱ्याच्या पेशी आहेत. त्या माणसाला साखर नसेल तर त्याच्या पेशींवर चिकटलेली साखर कमी, शिवाय ऑपरेशनमधे तुमच्या जुन्या पेशी गेल्या आणि आता नव्या कोऱ्या तयार होतायत, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नाही. ६.१ हा तुमचा आकडा नाहीच.

ऊसवाले_काका:
आयला. मग माझा कुठला?

डॉ_विटा:
काका, सध्या उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी असं बघा, घरी मशिन असेल तर आठवडाभर लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडं जा. रक्त चढवल्याचं त्यांना आवर्जून सांगा. एचबीए१सी परत करायचं तर चढवल्यापासून तीनेक महिने जाऊ द्या. गोळ्या मनानं कमी करू नका. आणि लोह कमी असेल तर हाच आकडा उलटा, खोटा वाढलेला पण येऊ शकतो, तेव्हा हिमोग्लोबिन पण सोबत बघून घ्या.

सरळसोट:
म्हणजे रक्तपेढीतलं रक्त जुनं असलं तर अजून वेगळं?

लॅबवाला_मिरज:
पेढीत तांबड्या पेशी २ ते ६ अंशाला ठेवतात, कुठलं द्रावण घातलंय त्यावर ३५ किंवा ४२ दिवस चालतात. पण पिशवीतही पेशी म्हातारी होतेच, काटे येतात, आवरणाचे तुकडे सुटतात आणि ती गोल व्हायला लागते. तसल्या पेशी चढवल्यावर पाणथरी पहिल्या दिवसातच उचलते, बाकीच्या चालतात. म्हणून तर मुदत घातलीय.

काका, उद्याच येणार असाल तर सकाळी आठच्या आत या, रात्री जेवणानंतर फक्त पाणी. चहा घेऊन येऊ नका, गेल्या वेळी घेऊन आला होता.

ऊसवाले_काका:
बिनसाखरेचा होता तो.

लॅबवाला_मिरज:
तरी नको.